गर्दी न जमवणारी दवंडी

डफ शेकल्याशिवाय यादोराव मडावींना बोलता येत नाही, असं मोहटोल्यात सगळेच म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. चारचौघांत यादोकाका 'हो जी' आणि 'नाई जी' यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. पण अंगणात पालापाचोळा पेटवून त्यावर डफाचं कातडं धरलं, बोटानं दोनदा टिचकी मारून पाहिली, की त्याच बारक्या अंगातून असा आवाज निघतो की केशोरीच्या सडकेवरून जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबतो.

ते आमच्या गावचे कोतवाल. टाळेबंदी लागली तेव्हा त्यांच्या नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती. त्यांच्याआधी त्यांचे वडील कोतवाल होते, आणि डफ वडिलांचा. सरकारला गावाशी काही बोलायचं असलं की तलाठी कागद देतात, काका तो दोनतीनदा वाचून घेतात आणि चार चौकांत जाऊन आमच्या बोलीत सांगतात. पोलिओचा डोस, ग्रामसभा, धान खरेदी, शिवारात वाघाचे पंजे दिसले तर काय करायचं, सगळं काही.

त्यांचा एकच नियम: दवंडी खोटी होता कामा नये. एका वर्षी जनावरांच्या लसीची दवंडी दिली आणि डॉक्टर आलेच नाहीत. दिवस मावळायच्या आत काका दीडशे घरांच्या दारांत जाऊन आले. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाले, "सकाळची हाक वापस घेतो जी." लोकांनी हसण्यावारी नेलं. फुलवंताकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, मात्र आठवडाभर त्यांच्या पायाला तेल चोळत होत्या.

गावाचाही एक नियम आहे. डफ वाजला की बाहेर यायचं. हे सगळीकडेच असेल, पण मोहटोल्यात आपल्या चौकातली दवंडी ऐकून कुणी घरी परतत नाही. लोक काकांच्या मागे पुढच्या चौकात जातात, तिथून त्याच्या पुढच्या. प्रत्येक चौकात दवंडी थोडी वेगळी निघते, हे एक कारण. दुसरं म्हणजे शेवटच्या चौकात, पिंपळाखाली, प्रश्न विचारायची वहिवाट आहे. पहिला प्रश्न आमच्या शेजारच्या सुशीलाबाईंचा. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. तीन चौकांत तीनदा ऐकून झालेलं असलं तरी त्या कमरेवर हात ठेवून विचारतात, "काय म्हनते रे यादो, तुहं सरकार?" मग काका चौथ्यांदा सांगतात, आणि तेच खरं सांगणं समजलं जातं.

दोन हजार वीसच्या मार्चअखेर काका आमच्या ओसरीवर पहिलं परिपत्रक घेऊन आले. नागपूरचं वसतिगृह बंद झाल्यामुळे मी घरी होते आणि मराठीत एम.ए. केलेली गावातली एकटीच होते, म्हणून हा मान मला.

"पोरी, इथं म्हनते, विनाकारण घराबाहेर पडू नये," काका म्हणाले. "विनाकारण कोन पडते व?"

मी म्हटलं, "काम नसताना, काका."

त्यांनी थोडा विचार केला. "चुन्नीलाल पाटील दिवसभर पानठेल्यावर बसून राहते. त्याले विचारलं तं तोबी कारन सांगते."

चुन्नीलाल आमचे पोलीस पाटील. मी तो मुद्दा सोडून दिला. सहा फुटांचं अंतर आलं तेव्हा काकांनी बैलाच्या जुवाचं माप धरलं: जुवाच्या या टोकाला एक मानूस, त्या टोकाला दुसरा. मुखपट्टीसाठी त्यांना मुसकं आठवलं, मळणीत बैलाच्या तोंडाला बांधतात ते. "बैलानं खाऊ नये म्हनून त्याले, मानसानं थुकू नये म्हनून आपल्याले." आणि पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येण्यास मनाई होती, ते त्यांनी एका दमात केलं, "चार चालतीन, पाचवा आला का गर्दी."

मला वाटलं, इतकं सोपं परिपत्रक साऱ्या जिल्ह्यात कुठे झालं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी डफ वाजला. गाव बाहेर आलं.

पहिल्या चौकात पंधरावीस जण होते. काकांनी सांगितलं की गर्दी करू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यांच्यामागे दुसऱ्या चौकात गेले. तिथे चाळीस झाले. बैलाच्या जुवाचा दाखला लोकांना फार आवडला. दोघं जण घरी जाऊन ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना घेऊन आले. मोहफुलं वेचून परतणाऱ्या बाया टोपल्यांसकट थांबल्या. पिंपळाखाली पोचेपर्यंत ऐंशीएक माणूस होता, आणि काका भर गर्दीत उभे राहून, घाम पुसत, गर्दीचे तोटे सांगत होते.

"काय म्हनते रे यादो, तुहं सरकार?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"सरकार म्हनते, बाई, पाचवा आला का गर्दी."

सुशीलाबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. "मंग हे बाकीचे कायले आले?"

बाकीच्यांनीही एकमेकांकडे तसंच पाहिलं.

तलाठ्यांच्या सांगण्यावरून आठवड्याने पुन्हा दवंडी झाली, आणि नेमकी त्याच दिवशी नायब तहसीलदारांची जीप अर्जुनी मोरगावहून आली. साहेब तरुण होते, पहिलीच नेमणूक. तीन आठवड्यांत त्यांनी नीट झोप घेतली नसावी, डोळे तसेच दिसत होते. पिंपळाखाली शंभर माणसं आणि मधोमध डफ पाहून ते काही क्षण जीपमध्येच बसून राहिले.

मग उतरून त्यांनी विचारलं, "ही गर्दी कुणी जमवली?"

गावानं काकांकडे बोट दाखवलं. कौतुकानंच दाखवलं होतं.

"कोतवाल, तुम्ही शासनाचे माणूस आहात ना?"

"हो जी."

"मग?"

"मी त्याहीले घरी जा म्हनूनच सांगून राहिलो होतो, साहेब. ते ऐकाले आले."

साहेबांनी डोळे मिटले. ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो, असं त्यांनी सांगितलं. तोवर दवंडी झालेली असली पाहिजे. जराही गर्दी दिसली तर तुमच्या गावची दवंडी बंद, ध्वनिमुद्रित आवाजाची गाडी फिरेल, आणि हा डफ तहसील कार्यालयात जमा करायचा. पंचनामा करून.

"कधी वापस भेटन जी?" काकांनी विचारलं.

"कशाला परत हवा? गाडी असेल ना."

काकांनी डफ पोटाशी धरला.

ती गाडी सोमवारी नमुन्यादाखल येऊन गेलीसुद्धा. आवाज एका मुलीचा होता, फार शुद्ध आणि गोड, मधूनमधून सतारीसारखं काही वाजत होतं. कुणीही बाहेर आलं नाही. त्या दृष्टीने गाडी यशस्वी झाली. सुशीलाबाईंनी भिंतीपलीकडून मला विचारलं, "कोनाच्या घरची व ती पोरगी? काय विकून राहिली?" पलीकडच्या आळीतल्या एकीला ती भंगारवाल्याची गाडी वाटली, आणि तिनं फुटकी बादली काढून ठेवली.

काका मात्र सडकेच्या कडेला उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. "आवाज चांगला हाये," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन तिले कोनी काही विचारलं, तं ते सांगन कशी?"

मंगळवारी त्यांनी डफाशिवाय जाऊन पाहिलं. कोतवाल मुकाट्यानं चालला आहे, हे पाहून गावाला वाटलं कुणीतरी गेलं. माणसं टोप्या आणि उपरणी घेऊन बाहेर आली. बुधवारी त्यांनी सायकलवरून, न थांबता दवंडी द्यायचा प्रयत्न केला. अर्धी ऐकलेले लोक उरलेली ऐकायला सायकलमागे पळत आले. चुन्नीलाल पाटील पानठेल्यावरून म्हणाले, "कोतवाल, तुमी डफ आताच पोचवून द्या. शुक्रवारचं पेट्रोल वाचन साहेबाचं."

गुरुवारी सकाळी काकूंनी मला हाक मारून बोलावलं. काका अंगणात डफ पुसत बसले होते. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"दोन दिसापासून जेवले नाई धड," काकू म्हणाल्या. "तूच समजाव. अवो, एका डफासाठी कोनी असं करते का?"

"लोकं घरात बसतच नाईत," काका म्हणाले. "एकोनतीस वर्सं हाक मारली, एकबी घर आत राहिलं नाई. आता त्याहीले आत राहा म्हनाले मी कोन्ता डफ आनू?"

काकू तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "राहिले होते की एकदा."

"कवा?"

"बोडीच्या पाळीचं श्रमदान. तुमी घसा फोडून आले, घमेलं-फावडं घेऊन या म्हनून. सारं गाव कड्या लावून आत बसलं होतं. चुन्नीलाल पाटील तं खाटेखाली गेले होते, त्याहीच्या बायकोनंच सांगतलं मले."

काकांच्या हातातलं फडकं थांबलं.

बोडी म्हणजे आमचा गावतलाव. तिच्या पाळीला, म्हणजे बांधाला, खेकड्यांनी भोकं पाडली आहेत, पावसाच्या आधी माती टाकावी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि दरवर्षी ते सगळ्यांना माहीतच राहतं.

मला हसू आलं, काकांना नाही. उलट त्यांचा चेहरा पडला. "खोटी हाक मारू काय व? श्रमदान नसतानी हाये म्हनून सांगू? बाबा गेले त्या दिवशी हा डफ माह्या हातात आला. खोटं बोलून वाचवाचा, तं मंग जमाच करतो."

मी घरून परिपत्रकांचा गठ्ठा आणला. शेतीची आणि पाण्याची कामं अंतर ठेवून, चारपर्यंत माणसांनी करायला हरकत नव्हती. ते मी काकांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोट फिरवत वाचलं.

"म्हंजे चार जनाचं श्रमदान होऊ शकते."

"होऊ शकतं."

"आन मी स्वता गेलो, तं हाक खरी."

"खरी."

ते उठले आणि पाटावर जाऊन बसले. "काय केलं व जेवाले?" त्यांनी काकूंना विचारलं.

शुक्रवारी सकाळी सहालाच डफ वाजला. नेहमीप्रमाणे कड्या वाजल्या, दारं उघडली, चपलांचा आवाज झाला. मग काकांचा आवाज आला, पहिल्या चौकातून, चारही आळ्यांत पोचेल असा.

"ऐका हो ऐका. आज बोडीच्या पाळीवर श्रमदान हाये. चार मानसं पायजेत. चारच. घमेलं-फावडं घेऊन जे पयले चार सडकेवर दिसतीन, त्याहीचं नाव लिवल्या जाईन हो."

यानंतर जे झालं ते मी पिंपळाजवळच्या आमच्या खिडकीतून पाहिलं. उघडलेली दारं ज्या क्रमानं उघडली होती त्याच्या उलट क्रमानं बंद झाली. एकजण पाऊल बाहेर टाकून होता, त्यानं ते पाऊल असं मागे घेतलं की चप्पल बाहेरच राहिली. ती त्यानं मग काठीनं आत ओढली. पानठेल्याची फळी पडली. दोन मिनिटांत मोहटोल्याच्या सडकेवर एक कोंबडी आणि यादोकाका एवढेच उरले.

काका पुढे निघाले. आता त्यांनी चौक सोडून दिले आणि प्रत्येक घरापुढे उभे राहू लागले. जुवाएवढं अंतर ठेवून, बंद दाराकडे तोंड करून, साबणानं हात कसे धुवायचे, बाहेरगावहून कुणी आलं तर कुठे कळवायचं, खोकला असला तर म्हाताऱ्यांपासून कसं दूर राहायचं, सगळं ते सावकाश सांगत होते. आतल्यांना हूं की चूं करायची सोय नव्हती. एकोणतीस वर्षांत गावानं इतकं लक्ष देऊन काकांना कधी ऐकलं नव्हतं.

समोरच्या घरापुढे त्यांनी विचारलं, "समजलं का जी?"

आतून दबका आवाज आला, "समजलं. पन मी घरी नाई."

"असू द्या. खोकला हाये का कोनाले?"

"नाई. कंबर धरली हाये. लय दिसापासून."

"कंबरेचं यात काही लिवलं नाई," काका म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.

आमचंही दार बंद होतं. आईनं लावलं होतं आणि मी ते उघडलं नाही. हे लिहून ठेवलेलं बरं.

दहाला जीप आली. पाटलांना साहेबांसमोर हजर राहणं भागच होतं, म्हणून ते मागच्या गल्लीतून, भिंतीला धरून, पिंपळाखाली पोचले होते. साहेब उतरले. रिकाम्या सडकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत राहिले. मागून ड्रायव्हरही उतरला. "साहब, गाँव खाली हो गया क्या?" त्यानं हळूच विचारलं.

"लोक कुठे आहेत?" साहेब म्हणाले.

"घरात हायेत जी," काका म्हणाले. "सगळे."

"दवंडी दिलीत?"

"देऊन झाली. विचारून पाहा कोन्याबी दाराले."

साहेबांनी खरंच जवळच्या दारावर टकटक केली आणि आतल्या माणसाला विचारलं की हात किती वेळ धुवायचे. आतून बरोबर उत्तर आलं, आणि पाठोपाठ न विचारता आलं, "मले भोवळ येते साहेब, मले घमेलं जमत नाई."

"घमेलं?" साहेबांनी काकांकडे पाहिलं.

काका काही बोलण्याआधी आमच्या शेजारची कडी वाजली. सुशीलाबाई बाहेर आल्या. डोक्यावर घमेलं, हातात फावडं, पदर नाकावरून घट्ट बांधलेला. त्या सडकेच्या मधोमध चालत पिंपळापर्यंत गेल्या, पाटील आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये उभ्या राहिल्या आणि घमेलं खाली ठेवलं.

"काय म्हनते रे यादो, तुहं सरकार?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटलांकडे, ड्रायव्हरकडे, साहेबांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. खिडकीतून मलाही कळलं, ते मोजत होते. साहेब पाहायला आले होते ती गर्दी अखेर झाली होती, आणि झाली होती ती साहेबांमुळेच.

"साहेब," काका म्हणाले. आवाज डफाशिवायचा होता, बारीक. "पाच झाले."

"काय पाच?"

"मानसं जी. तुमी, डायवर, पाटील, बाई आन मी. चार चालते. पाचवा आला का गर्दी."

पिंपळाचं एक पान पडलं, ते सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी बोटानं मोजलं, स्वतःपासून सुरुवात करून. मग पुन्हा, स्वतःला शेवटी धरून. दोन्ही वेळा पाचच आले.

"ड्रायव्हर, तुम्ही गाडीत बसा," ते म्हणाले.

"मंग तुमीबी जा जी," सुशीलाबाई म्हणाल्या. "तो बिचारा एकटा बसून काय करन. आमाले काम हाये."

साहेबांच्या मुखपट्टीआड काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण खांदे हलले. त्यांनी खिशातली वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि जीपकडे वळले. दोन पावलं जाऊन थांबले. "पुढच्या शुक्रवारी मास्कचं पुन्हा सांगायचं आहे," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. तुमच्या पद्धतीनं."

"डफासंगं जी?"

"डफासंगंच," साहेब म्हणाले. ते मूळचे इकडचे नव्हते, पण हा शब्द त्यांनी नीट उच्चारला.

जीप गेली. मागे तिघं उरले. पाटलांनी घमेल्याकडे पाहिलं, बोडीच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "मले ठाण्यात फोन कराचा हाये. अत्यावश्यक." ते आले त्याच गल्लीतून, पण आता भिंत न धरता, गेले.

पुढचं सुशीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सांगितलं. दोघं बोडीवर गेले. काकांनी डफ पळसाच्या फांदीला अडकवला. त्या एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये जुवाएवढी जागा सोडून त्यांनी खेकड्यांच्या भोकांत माती भरायला घेतली. दहाबारा घमेली झाल्यावर सुशीलाबाईंनी कंबर सरळ केली आणि गावाकडे पाहिलं. भर उन्हात सगळी दारं तशीच बंद होती.

"एवढ्या लोकाईले हाक मारली तुनं," त्या म्हणाल्या. "बाकीचे कुठं हायेत?"

"बाकीचे सरकारचं ऐकून राहिले, बाई," काका म्हणाले आणि घमेलं उचललं.